ऐकू आलं नाही तेव्हा: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी आम्ही विचारलं होतं की पडणं, धडकणं, भाजणं, घोळ होणं असे जे प्रसंग तुमच्यावर आले आणि ज्यात कुठेतरी कानाचा संबंध होता ते लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली, सगळी छापता येणार नाहीत, काही थोडी लहान केलीयेत. मी स्वतः लहानपणापासून दोन्ही कानांना मशीन लावते त्यामुळे ही पत्रं मी फक्त वाचक म्हणून वाचू शकले नाही, काही वाचून डोळ्यात पाणी आलं आणि काही वाचून राग आला, पत्र लिहिणाऱ्यांचा नाही, आजूबाजूच्यांचा. आणि हो, मी डॉक्टर नाहीये, औषधपाण्याचं जिथे येतं तिथे डॉक्टरकडे जायचंच.

ताई, मी हॉस्टेलवर राहते. झोपताना मशीन काढून ठेवते. मागच्या महिन्यात रात्री फायर अलार्म वाजला, सगळ्या मुली खाली गेल्या आणि मी झोपलेलीच. आग नव्हती, नुसता धूर झाला होता, पण सकाळी हे कळलं तेव्हापासून मला धड झोपच लागत नाही. रूममेट म्हणते तिला वाटलं मी उठले असेन. तिच्यावर चिडू का? आणि आता करू काय?

चिडलीस तर तुझं काही चुकलं नाही, पण तिच्यावर चिडून पुढच्या वेळी तू जागी होणार नाहीस म्हणून आधी सोय बघूया. नेहमीच्या स्मोक अलार्मचा आवाज बराच बारीक, म्हणजे उंच पट्टीचा, आणि चिरका असतो, साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास, आणि बहुतेकांचं ऐकणं कमी होतं ते आधी याच बारीक आवाजांचं, म्हणजे ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनाच नेमका हा आवाज पोचत नाही. म्हणून आता ५२० हर्ट्झचे, जाडसर आवाजाचे अलार्म पण मिळतात आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसांना झोपेतून उठवायला ते जास्त चांगले असं अभ्यासात दिसलंय. तुला मशीन काढल्यावर काहीच ऐकू येत नसेल तर मात्र तेही उपयोगाचे नाहीत, तुला गादीखाली किंवा उशीखाली ठेवायचं, जोरात थरथरणारं यंत्र पाहिजे आणि ते अलार्मला जोडलेलं पाहिजे, नुसत्या घड्याळाला नाही. झगझगणारा दिवा जागेपणी छान काम करतो पण गाढ झोपेत, पांघरूण डोक्यावर घेतलेलं असताना, एकट्या दिव्यावर विसंबू नकोस. जपानमध्ये काही संशोधकांनी तर वासाबीचा झणझणीत वास हवेत सोडून झोपलेल्या माणसाला उठवणारा अलार्म तयार केला होता, त्याला २०११ साली इग नोबेल मिळालं. ते बक्षीस लोकांना आधी हसवणाऱ्या संशोधनाला देतात हे खरं, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, कुणीतरी आपला विचार केला एवढंच वाटतं.

आता माणसांचं. "कुणीतरी उठवेल" यात कुणीच उठवत नाही. म्हणून दोन मुलींना नाव घेऊन सांग की ही तुमची जबाबदारी, एक सुट्टीवर असली तर दुसरी आहे, आणि दोघींकडे किंवा निदान रेक्टरकडे तुझ्या खोलीची चावी असायला हवी कारण बाहेरून दार कितीही बडवलं तरी तुला कळणार नाहीये. हॉस्टेलच्या ऑफिसला लेखी दे, तोंडी नको. तुझ्या उशाशी मशीनची डबी आणि टॉर्च एकाच जागी ठेव, रोज तिथेच, कारण अंधारात ओठ दिसत नाहीत आणि समोरची काय सांगतेय ते कळायला तिच्या तोंडावर उजेड पाडावा लागतो. आणि एकदा दिवसाढवळ्या त्या दोघींना घेऊन खरोखर तालीम करून बघ, तुझी झोप परत यायला त्याची मदत होईल असं मला मनापासून वाटतं.

मॅडम, वय ४६. चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तर डावा कान बंद, आत शिट्टीसारखा आवाज. मळ असेल म्हणून तेल घातलं. काल रस्ता ओलांडताना डावीकडून सायकल आली ती कळलीच नाही, कोपर सोललं. बायको म्हणते रस्त्यात लक्ष नसतं. रस्त्यावर काय काळजी घेऊ?

रस्त्याचं सांगते पण आधी हे वाचणं थांबवा आणि कानाच्या डॉक्टरची आजची वेळ घ्या. कारण एका कानाचं ऐकणं असं अचानक जातं तेव्हा ते मळामुळे असू शकतं पण आतल्या कानाचं किंवा नसेचंही असू शकतं, आणि तसं असेल तर स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी ऐकणं परत यायची शक्यता जास्त, पहिले दोन आठवडे फार महत्त्वाचे मानतात. त्यातले चार दिवस गेलेत तुमचे. घरी एक करून बघता येतं, तोंड मिटून "हंऽऽ" असा आवाज काढा, तो बंद वाटणाऱ्या कानात जास्त घुमला तर बहुतेक मळ किंवा मधल्या कानाची भानगड असते, चांगल्या कानात जास्त ऐकू आला तर आतल्या कानाची शंका येते. पण उत्तर काहीही आलं तरी डॉक्टरकडे जायचंच, ही तपासणीची जागा घेणारी गोष्ट नाहीये, आणि तेल, काड्या, बड्स हे सगळं आता बंद. डॉक्टरला "अचानक गेलं, अमुक दिवशी सकाळी" हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर रिसेप्शनवर पुढच्या आठवड्याची वेळ देऊन मोकळे होतात.

रस्त्याचं असं की आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला पोचायला जो उशीर होतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो आणि तेवढ्यावर मेंदू दिशा सांगतो. एक कान गेला की तुलनाच संपली, आवाज येतो पण सगळा एकाच बाजूने आल्यासारखा वाटतो. म्हणजे बायकोला सांगा लक्ष नव्हतं असं नाही, दिशाच कळली नाही. तेव्हा सध्या नुसती नजर नाही तर पूर्ण मान वळवून दोन्हीकडे बघायचं, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चालायचं, सोबत कुणी असेल तर त्याने तुमच्या डाव्या हाताला चालावं, आणि फोनचा इयरफोन चांगल्या कानात घालून रस्त्यावर मुळीच जायचं नाही. उपचार झाल्यावर काय झालं ते नक्की कळवा, मला काळजी लागून राहील.

ताई, बाबांना कमी ऐकू येतं पण ते कबूल करत नाहीत. डॉक्टरांसमोर सगळ्याला "हो हो" म्हणतात. या वेळी बीपीची एक गोळी बंद करून दुसरी सुरू करायची होती, बाबांनी दोन्ही घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. हनुवटीला टाके पडले. मी खूप ओरडले त्यांच्यावर. आता ते माझ्याशी बोलत नाहीत. मी काय करायला हवं होतं?

तुमच्या बाबांसारखी पत्रं या वेळी सगळ्यात जास्त आलीत. नवऱ्याबद्दल, आजीबद्दल, स्वतःबद्दल. आणि मला जे सांगायचंय ते मी इथेच सांगते. ऐकू न आल्याने जेवढे घोळ होतात त्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू आल्याचं दाखवल्याने होतात. पण माणूस हे दाखवायला शिकतो कसा ते बघा. तो पहिल्यांदा "काय?" विचारतो, लोक सांगतात. दुसऱ्यांदा विचारतो, लोक मोठ्याने आणि जरा वैतागून सांगतात. तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा उत्तर येतं "जाऊ दे, काही नाही". हे "जाऊ दे" वर्षानुवर्षं ऐकलं की माणूस विचारणं सोडतो, मान हलवायला लागतो, चेहरे बघून हसायच्या जागी हसतो. तो लबाडी करत नसतो हो, तो समोरच्याचा वैताग टाळत असतो. घरी तुम्ही "हो" म्हटलं तर फार तर भाजी वेगळी येते, पण हीच सवय दवाखान्यात घेऊन गेलं की गोळ्या चुकतात. ऑपरेशनच्या आधी उपाशी राहायचं ते कळत नाही, कामावरचं यंत्र बंद आहे की चालू ते कळत नाही, आणि माणूस "हो" म्हणून पुढे जातो.

ओठ बघून सगळं कळतं हाही एक मोठा गैरसमज आहे. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता मामा, बाबा, पापा म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात. घशातून येणारे क, ग तर ओठांवर जवळजवळ दिसतच नाहीत. बाकीचं आम्ही अंदाजाने भरतो, विषय माहीत असेल तर अंदाज बरोबर येतो आणि औषधाचं नवीन नाव, आकडा, तारीख असेल तर चुकतो. एकोणीस की एकोणतीस, सात की साठ, इथेच घात होतो. त्यात दिवसभर असं जोडून जोडून ऐकून डोकं इतकं थकतं की संध्याकाळी चांगलं मशीन लावूनही काही शिरत नाही.

म्हणून बाबांना "ऐकू आलं का?" किंवा "कळलं का?" असं कधीच विचारू नका, त्याचं उत्तर हो असंच येणार. त्याऐवजी "बाबा, मग आता सकाळी कोणती घ्यायची?" असं विचारा, त्यांच्या तोंडून परत सांगून घ्या, आणि डॉक्टरांनाही हेच करायला सांगा, चांगले डॉक्टर सगळ्याच पेशंटशी असं करतात. बदल झालेलं औषध कागदावर मोठ्या अक्षरात, आणि बंद झालेलं पाकीट घरात ठेवायचंच नाही. बोलताना समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पाहिजे, खिडकी पाठीमागे नको, टीव्ही बंद. ओरडू नका, ओरडलं की स्वर मोठे होतात आणि व्यंजनं मागेच राहतात, शिवाय तोंड वाकडं होऊन ओठांचा आधारही जातो. एक वाक्य दोनदा सांगून कळलं नाही तर तिसऱ्यांदा शब्द बदलून सांगा.

आणि अबोल्याचं. तुम्ही ओरडलात ते घाबरून, ते त्यांनाही माहीत असणार. पण पहिलं पाऊल तुम्ही टाका. त्यांना एवढंच सांगा, लिहून सांगितलं तरी चालेल, की तुम्ही दहा वेळा "काय" विचारलंत तरी मी दहा वेळा सांगेन. आणि मग खरंच सांगा, अकराव्यांदा सुद्धा. कान तपासायचा विषय त्यानंतर काढा, आधी नको.

बेसिनचा नळ चालू राहतो, पाणी बाहेर येतं, खालच्या मजल्यावरचे भांडतात. नेहमीचंच झालंय. उपाय सांगा.

नळ सोडून त्या खोलीतून बाहेर पडायचं नाही हा पहिला उपाय, भरायला लावलाच तर हातातल्या घड्याळाला थरथरणारा टायमर लावा. जमिनीवर ठेवायचे छोटे सेन्सर मिळतात, पाणी लागलं की फोनवर सूचना येते. खालच्यांना तुमचा नंबर देऊन ठेवा, फोन नाही, मेसेज करा म्हणावं.

सूनबाईने माझा शर्ट धुवायला टाकला, खिशात कानाचं मशीन होतं. ते निघालं ओलं. त्या गडबडीत मशीनची जुनी बॅटरी खाली पडली आणि दीड वर्षाच्या नातवाच्या हातात सापडली, तोंडात घालायच्या आत काढली. सगळे माझ्यावरच चिडलेत. मशीन वाचेल का?

काका, मशीनपेक्षा नातवाचं आधी बोलते, कारण या वेळी थोडक्यात निभावलं. कानाच्या मशीनच्या त्या बटणाएवढ्या बॅटऱ्या रिकाम्या झाल्या म्हणजे निरुपद्रवी झाल्या असं नसतं. बटण बॅटरी गिळल्यावर अन्ननलिकेत अडकली तर ओल्या जागी तिच्यातून करंट वाहतो, तिथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत सुद्धा आतून भाजू शकतं. रिमोट, वजनकाटा, खेळणी यातल्या मोठ्या, २० मिलिमीटरच्या लिथियम बॅटऱ्या सगळ्यात वाईट. नाकात किंवा कानात घातली तरी तसंच भाजतं. गिळल्याची नुसती शंका जरी आली तरी उलटी करवायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं आणि एक्स-रे काढायला सांगायचं, मूल हसत खेळत असलं तरी. बॅटरी बदलायची ती टेबलाशी बसून, जुनी लगेच घट्ट झाकणाच्या डबीत, डबी वरच्या कपाटात. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही मशीन लांब ठेवा, कुत्रे ही मशीनं हमखास चावतात.

आता मशीन. बॅटरी काढा, तिचं दार उघडं ठेवा, बाहेरून कोरड्या कापडाने टिपा आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात निदान एक दिवस राहू द्या. हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह, कडक ऊन यातलं काहीही नको, आतले भाग वितळतात. मग नवी बॅटरी, वरचं स्टिकर काढून पाचेक मिनिटं थांबून घाला, या झिंक-एअर बॅटऱ्या हवेवर चालतात, थोडा वेळ दिला की नीट चालतात. रिचार्जवालं मशीन असेल तर ओलं असताना चार्जरवर ठेवायचं नाही, थेट दुकानात न्यायचं. बरीच मशीनं यातूनही वाचतात. आणि चिडलेल्यांना सांगा की खिसे तपासणं हे धुणाऱ्याचंही काम आहे आणि ठेवणाऱ्याचंही.

मला लहानपणी मेंदूज्वर झाला त्यात ऐकणं गेलं. आता वय ३१. दिवसा ठीक असते पण रात्री लाईट गेली की भिंती धरून चालावं लागतं, दोनदा जिन्यावरून पडले. लोकांना वाटतं मी घाबरट आहे. कान आणि तोल यांचा संबंध असतो का?

असतो, आणि तुम्ही घाबरट अजिबात नाही. आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला चिकटूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, मेंदूज्वरात ऐकण्याबरोबर त्यांचंही नुकसान होऊ शकतं. तोल आपण तीन गोष्टींवर सांभाळतो, डोळे, पायाखालची जमीन आणि कान. तुमचा तिसरा आधार कच्चा असेल तर दिवसा उरलेले दोन काम भागवतात, अंधारात डोळे गेले, आणि जमीन मऊ किंवा ओबडधोबड असली की तोही आधार गेला. मोठेपणी ऐकणं कमी झालेल्यांमध्येही पडण्याचं प्रमाण जास्त दिसतं, अमेरिकेत ४० ते ६९ वयाच्या लोकांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात साधारण २५ डेसिबलची सौम्य घट असलेल्यांमध्येही पडल्याचं सांगणारे जवळपास तिपटीने जास्त होते.

तेव्हा जिन्यात आणि बाथरूमच्या वाटेवर लाईट गेली तरी पेटणारा बॅटरीचा दिवा लावा, कठडा दोन्ही बाजूंनी, चार्जरच्या वायरी वाटेतून काढा. तोलाची तपासणी होते आणि त्यासाठी खास व्यायामही असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात, ते खरंच कामाला येतात. एक गोष्ट जोर देऊन सांगते, गढूळ किंवा अंधाऱ्या पाण्यात उतरू नका. पाण्याखाली पायाला जमीन नसते, डोळ्याला दिसत नाही, आणि कानही सांगणार नसेल तर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. पोहणं येत असलं तरी एकटीने नको.

मी साइन भाषा, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा वापरतो, जन्मापासून ऐकू येत नाही. बाईकवरून पडलो, उजवं मनगट मोडलं. अॅम्ब्युलन्समध्ये सगळ्यांनी मास्क घातलेले, कुणी काय विचारतंय कळेना, मी दुसरा हात हलवून सांगायला गेलो तर त्यांनी तो धरून ठेवला आणि त्यातच सलाईन लावली. बोलणंच बंद झालं. फार भीती वाटली. अजून प्लास्टर आहे. परत असं झालं तर?

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ऐकू येणाऱ्या माणसाचं तोंड कुणी असं दाबून धरलं असतं तर केवढा गहजब झाला असता, आणि तुझ्याबाबतीत ते करणाऱ्यांना आपण काय केलं हेही कळलं नसेल. तुला भीती वाटली ती अगदी रास्त आहे.

आता कामाचं. पाकिटात आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर, जिथे लॉक न उघडता दिसेल तिथे, हे लिहून ठेव: मला ऐकू येत नाही, माझ्याशी लिहून बोला, मास्क काढता येत नसेल तर लिहा, माझे हात हे माझं बोलणं आहे, ते बांधू किंवा धरू नका, सलाईन ज्या हाताने मी जास्त साइन करतो तो सोडून लावा, आणि खाली घरच्या माणसाचा नंबर, मेसेजसाठी. कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात किंवा गळ्यात ठेव, पोलीस किंवा सिक्युरिटी समोर असताना एकदम मागच्या खिशात हात घातला तर त्यांचा गैरसमज होऊ शकतो. तुमच्या भागात इमर्जन्सीला मेसेज किंवा अॅपवरून कळवायची सोय आहे का ते आत्ताच बघून ठेव आणि असेल तर फोनमध्ये चालू करून घे. हॉस्पिटलमध्ये दुभाष्या मागायचा, आणि तो घरातलं लहान भावंडं नको, तुझ्या दुखण्याची बातमी त्यांच्या हातातून यायला नको. तुझ्या मित्रमंडळींत कुणाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, असेल तर त्यांच्या कार्डावर तेही मोठ्या अक्षरात हवं, कारण आत लोहचुंबक असतं आणि एमआरआयच्या आधी ते माहीत असावंच लागतं.

प्लास्टरचं म्हणशील तर डॉक्टरला विचार की बोटं आणि अंगठा किती मोकळा ठेवता येईल, ते का हवंय ते लिहून सांग, पुष्कळदा त्यांना ते सुचलेलंच नसतं. तोवर डाव्या हाताने साइन कर, सुरुवातीला हळू होईल, घरच्यांनी आणि मित्रांनी तुझ्या वेगाने थांबायचं आणि वाक्य मध्येच तोडून स्वतः पूर्ण करायचं नाही. हे पत्र त्यांना दाखव.